एमएसआय चालू केल्यावर कार्ड मध्येच गप्प का होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवता येणाऱ्या चिपवर, बनवलेलं, डेटा पकडणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आहे आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर तुम्हीच लिहिलाय. जुन्या मशीनवर तो पिनच्या इंटरप्टवर (इंटरप्ट म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक), म्हणजे इंटएक्सवर, तीन वर्षं बिनतक्रार चालला. नव्या मशीनवर तुम्ही एमएसआय (पिनऐवजी मेसेज पाठवून इंटरप्ट देण्याची पद्धत) चालू केलं, पण हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आला की चालणाऱ्या कोडला, हात लावला नाही. आता कार्ड कधी दहा मिनिटं तर कधी दोन तास चालतं आणि मग प्रॉक-इंटरप्ट्स या फाइलमधला, इंटरप्ट मोजणारा आकडा जागच्या जागी थिजतो. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की गाडी रुळावर येते. यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: कार्ड खराब आहे का, शेअर्ड फ्लॅग (इंटरप्टची रेघ इतरांबरोबर वाटून घेतल्याची खूण) लावून काही फरक पडेल का आणि एमएसआय-एक्सवर, म्हणजे एमएसआयच्या पुढच्या रूपावर, गेलं तर प्रश्न सुटेल का.

थोडक्यात सांगायचं तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे. शेअर्ड फ्लॅगचा याच्याशी संबंध नाही. एमएसआय-एक्सने ही चूक कदाचित झाकली जाईल, पण ती जाणार नाही. तुमचा हँडलर अजून पिनच्या भरवशावर चालतोय आणि पिन आता तिथे नाही. असे ड्रायव्हर मी बरीच वर्षं लिहितोय आणि दुरुस्तही करतोय. पिनवरून मेसेजवर येताना सगळ्यात जास्त वेळा पाय घसरतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिनचा इंटरप्ट ही एक स्थिती असते. कार्डाच्या स्टेटस रजिस्टरमध्ये (काय घडलं ते बिटांनी दाखवणाऱ्या जागेत) एखादा बिट उभा, म्हणजे एक, आहे तोवर कार्ड रेघ ओढून धरतं. पाहुणा दारात उभा राहून दार उघडेपर्यंत बेल दाबून धरतो, तसं. तुम्ही अर्धवट काम करून हँडलरमधून परत गेलात तरी रेघ ओढलेलीच असते, त्यामुळे कर्नल तुम्हाला लगेच पुन्हा बोलावतं. तुमच्या कोडमध्ये राहिलेली फट हार्डवेअर दर वेळी गुपचूप भरून काढतं.

एमएसआय ही स्थिती नाही, ती एक घटना आहे. कार्ड एका ठरलेल्या पत्त्यावर चार बाइट लिहितं आणि मोकळं होतं. एक्स८६ मशीनवर हा पत्ता एफईईने सुरू होतो, तिथे प्रोसेसरचं लोकल एपिक (इंटरप्ट स्वीकारणारा भाग) ऐकत असतं आणि लिहिलेल्या डेटाच्या खालच्या आठ बिटांत व्हेक्टरचा, म्हणजे हा कोणता इंटरप्ट ते सांगणारा, नंबर असतो. कार्डाच्या बाजूने पाहिलं तर हे मेमरीत केलेलं साधं लिखाण आहे. दाराखालून चिठ्ठी सरकवून माणूस निघून गेला. चिठ्ठी वाचून तुम्ही अर्धंच काम केलंत तर तो परत येऊन आठवण करून देणार नाही.

आता तुमच्या हँडलरकडे वळू. तुम्ही दिलेल्या कोडचा क्रम असा आहे: स्टेटस रजिस्टर वाचा, जे बिट उभे असतील त्यांचं काम करा आणि शेवटी वाचलेली किंमत रजिस्टरमध्ये परत लिहून ते बिट पुसा. समजा बफर भरला, शून्य क्रमांकाचा बिट उभा राहिला आणि कार्डाने मेसेज पाठवला. तुम्ही स्टेटस वाचलं, त्यात फक्त शून्य क्रमांकाचा बिट होता. बफरमधला डेटा उचलायला तीस-चाळीस मायक्रोसेकंद लागले. तेवढ्यात कार्डातला फिफो, म्हणजे थांबलेल्या डेटाची रांग, ओव्हरफ्लो झाला आणि तीन क्रमांकाचा बिट उभा राहिला. काम संपल्यावर तुम्ही शून्य क्रमांकाचा बिट पुसलात, पण तीनचा तसाच राहिला. पिन असती तर रेघ ओढलेलीच राहिली असती आणि हँडलर लगेच पुन्हा चालला असता. इथे मात्र बहुतेक कार्डं मेसेज पाठवतात तो सगळं स्टेटस शून्यावरून बिनशून्य होताना, म्हणजे त्या चढत्या कडेला. या सगळ्या भानगडीत स्टेटस एकदाही शून्य झालं नाही. कडच नाही, म्हणून मेसेज नाही. मेसेज नाही म्हणून हँडलर नाही, आणि हँडलर नाही म्हणून तीनचा बिट कधीच पुसला जात नाही. कार्ड समजतं, मी कळवलंय. ड्रायव्हर समजतो, काही आलेलं नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

तुमची सगळी लक्षणं याच्याशी जुळतात. दोन घटना नेमक्या त्या तीस-चाळीस मायक्रोसेकंदांत पडाव्या लागतात, म्हणून कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. ड्रायव्हर पुन्हा घातला की तुमच्या प्रोबमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फंक्शनमध्ये, कार्ड रिसेट होतं, स्टेटस पुसलं जातं आणि कड परत मिळते.

तरी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे: तुमचं कार्ड मेसेज नेमका कधी पाठवतं? वर सांगितलं तसं एकत्रित स्टेटसच्या कडेवर पाठवत असेल, तर निदान पक्कं. काही डिझाइनमध्ये प्रत्येक बिटाच्या स्वतःच्या कडेवर मेसेज जातो. तिथे तीनच्या बिटाने वेगळा मेसेज पाठवला असता आणि कार्ड अडकलं नसतं. पण त्याच बिटाची दुसरी घटना काम चालू असताना आली, तर शेवटच्या पुसण्यात तीही पुसली जाते आणि एक बफर गुपचूप हरवतो. हे अडकण्यापेक्षा वाईट, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्याकडे कार्डाचं व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचा कोड, आहे, ही मोठी सोय. एमएसआयची विनंती जिथून निघते तो ऑल्वेज ब्लॉक उघडा आणि तिची अट वाचा. विकत घेतलेल्या चिपच्या डेटाशीटमध्ये हे वाक्य शोधायला मला कधीकधी दोन दोन दिवस लागलेत.

कोड बदलण्याआधी पुरावा घ्या. कार्ड अडकलं की ड्रायव्हर काढू नका, तसंच राहू द्या. डीबगएफएसमधून (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधून) किंवा बार, म्हणजे कार्डाची रजिस्टरं दिसणारा पत्त्यांचा पट्टा, मॅप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून स्टेटस आणि मास्क (कोणत्या बिटांना इंटरप्ट देऊ द्यायचा ते ठरवणारं) ही दोन रजिस्टरं वाचा. मास्क उघडा असून स्टेटसमध्ये बिट उभा असेल तर वरचं निदान खरं. स्टेटस शून्य असेल तर इंटरप्टला दोष देऊ नका, कार्डात घटनाच घडत नाहीये आणि डीएमए इंजिन (डेटा थेट मेमरीत लिहिणारा भाग) कुठेतरी अडलंय. मग एलएसपीसीआय या कमांडला डबल व्ही देऊन कार्डाची माहिती काढा. एमएसआयच्या ओळीत एनेबलपुढे अधिक चिन्ह आहे का ते बघा. वर कंट्रोलच्या ओळीत बसमास्टरपुढे अधिक आहे का तेही बघा. हा दुसरा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एमएसआय म्हणजे कार्डाने मेमरीत केलेलं लिखाण, तेव्हा बस मास्टरचा बिट बंद असेल तर मेसेज बाहेरच पडत नाही. पिनच्या इंटरप्टला या बिटाची गरज नव्हती. एका ग्राहकाकडे मशीन स्लीपमधून उठलं की कार्ड मुकं व्हायचं. रिझ्यूममध्ये पीसीआय-सेट-मास्टरची (हा बिट चालू करणारी) एक ओळ राहून गेली होती. डीएमए बंद असलेल्या मोडमध्ये ते कार्ड चालत होतं, म्हणून सुरुवातीला तिकडे कुणाचा संशयच गेला नाही.

आता दुरुस्ती. पहिला बदल क्रमाचा. स्टेटस वाचल्याबरोबर तीच किंमत परत लिहून बिट पुसा आणि मग काम करा. असं केलं की काम चालू असताना आलेली नवी घटना नवा बिट उभा करते आणि तुमच्या हातून ती पुसली जात नाही. दुसरा बदल फेऱ्यांचा. काम झालं की स्टेटस पुन्हा वाचा, काही असेल तर पुन्हा पुसा, पुन्हा काम करा आणि स्टेटस शून्य दिसलं की मगच बाहेर पडा. शून्य दिसलं याचा अर्थ पुढची घटना कड निर्माण करणारच. या वाचण्याचा आणखी एक फायदा होतो. पुसण्यासाठी केलेलं लिखाण वाटेतल्या बफरमध्ये रेंगाळू शकतं, पण मागून येणारं वाचन त्याला ढकलत कार्डापर्यंत नेतं.

या फेऱ्यांवर मर्यादा घालावी लागते, नाहीतर बिघडलेलं कार्ड एक कोअर गिळून बसेल. पण मर्यादा घातली की मूळ दुखणं परत येतं: स्टेटस शून्य नसताना तुम्ही बाहेर पडता आणि कड मिळत नाही. म्हणून एफपीजीए हातात असेल तर मी दुसरी रचना करायला सांगतो. कार्डातली कड नुसत्या स्टेटसवर घेऊ नका, स्टेटस आणि मास्क यांच्या अँडवर घ्या. हँडलरने आत शिरताच मास्क बंद करायचा, काम करायचं आणि बाहेर पडताना मास्क उघडायचा. त्या क्षणी एखादा बिट उभा असेल तर अँडचं उत्तर शून्यावरून एक होतं, म्हणजे नवी कड मिळते आणि नवा मेसेज सुटतो. घटना कधीही येऊ दे, ती हरवत नाही. काम थ्रेडमध्ये ढकललं असेल तरी रचना हीच: हार्ड हँडलरने मास्क बंद करून थ्रेड जागवायचा आणि मास्क थ्रेडने शेवटी उघडायचा. फक्त एक बघा. मास्कचं रजिस्टर एका घड्याळावर आणि कड ओळखणारं सर्किट दुसऱ्या, हळू घड्याळावर असेल, तर मास्कचा क्षणभराचा शून्य त्या सर्किटला दिसणारच नाही. दोन्ही एकाच क्लॉक डोमेनमध्ये ठेवा.

इथवरचं एका दमात: बिट आधी पुसा, काम नंतर करा, शून्य दिसेपर्यंत फेऱ्या मारा, आणि जमलं तर मास्क उघडताना कड पुन्हा मिळेल असं कार्ड बनवा. तुमचा अडकण्याचा प्रश्न एवढ्याने सुटायला हवा. खालचे मुद्दे तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांवर आणि तुमच्या कोडमध्ये मला दिसलेल्या काही गोष्टींवर आहेत.

शेअर्ड फ्लॅग. एमएसआयचा व्हेक्टर दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्यावा लागत नाही, म्हणून तिथे तो लागत नाही. पण एमएसआय मिळालं नाही तर इंटएक्सवर चालू शकेल अशी सोय तुम्ही ठेवलीय आणि ती ठेवावीच. त्या वाटेवर फ्लॅग हवाच आणि इंटरप्ट आपला नसेल तर आयआरक्यू-नन परत करणंही हवंच. फेऱ्यांचा हँडलर लावल्यावर एक नवी गोष्ट दिसेल. कधीकधी मेसेज येईल आणि स्टेटस शून्य असेल, कारण ते काम आधीच्या फेरीने उरकलेलं असतं. घाबरू नका, हे व्हायचंच. अशा वेळी अधूनमधून नन परत केल्याने बिघडत नाही. लिनक्स इंटरप्ट बंद करतं ते लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत तर. उलट काहीही झालं तरी हँडल्ड (इंटरप्ट आपलाच होता असं उत्तर) परत करायची सवय लावून घेऊ नका. कार्ड वेडं होऊन मेसेजचा भडिमार करू लागलं, तर तुम्हाला वाचवणारी तीच एक तरतूद आहे.

आता एमएसआय-एक्स. एमएसआय पीसीआयच्या २.२ आवृत्तीत १९९८ साली आलं, एमएसआय-एक्स ३.० मध्ये २००४ साली. कागदावर फरक सोपा दिसतो: एमएसआयमध्ये एका फंक्शनला जास्तीत जास्त ३२ व्हेक्टर, एमएसआय-एक्समध्ये २०४८. प्रत्यक्षात महत्त्वाचा फरक वेगळा आहे. एमएसआयमध्ये पत्ता एकच असतो आणि कार्ड फक्त डेटाचे खालचे बिट बदलतं, म्हणून व्हेक्टर दोनच्या घातात, सलग आणि ओळीने लागतात. प्रोसेसरकडे असे सलग मोकळे व्हेक्टर मिळणं कठीण. एक्स८६ वर लिनक्स एकाहून जास्त एमएसआय देतं ते इंटरप्ट रीमॅपिंग (मेसेज वाटेत हवा तिकडे वळवणारी हार्डवेअरची सोय) चालू असेल तरच. एमएसआय-एक्समध्ये कार्डाच्या बारमध्येच एक तक्ता असतो, प्रत्येक व्हेक्टरला १६ बाइट: पत्ता, डेटा आणि मास्क, प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे प्रत्येक व्हेक्टर हव्या त्या कोअरकडे वळवता येतो आणि वेगवेगळा बंद करता येतो.

तुमच्या कार्डासाठी मी चार व्हेक्टर घेईन: तीन चॅनलना तीन आणि चुकांसाठी एक. खरा फायदा असा की चॅनलच्या हँडलरला कोणती घटना आली हे स्टेटस वाचून विचारावं लागत नाही, मेसेजच ते सांगतो. बारमधून एक वाचन म्हणजे प्रोसेसरने मायक्रोसेकंदाच्या आसपास हात बांधून उभं राहणं. सेकंदाला लाखभर इंटरप्ट असतील तर हा खर्च जाणवतो. तुमच्याकडे सेकंदाला दोनेकशे आहेत, तेव्हा घाई नाही. आधी एका व्हेक्टरवर ड्रायव्हर बरोबर करा. चॅनल वेगळे केले तरी एकाच चॅनलच्या दोन घटना एकमेकांवर पडू शकतात, म्हणून वरचा नियम तिथेही लागू आहे. एमएसआय-एक्सने चूक झाकली जाईल असं सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी.

व्हेक्टर मागताना पीसीआय-अलॉक-आयआरक्यू-व्हेक्टर्स हे फंक्शन वापरा. ते कर्नल ४.८ पासून आहे आणि एमएसआय-एक्स, एमएसआय, इंटएक्स या क्रमाने जे मिळेल ते देतं. तुमच्या कोडच्या नव्या शाखेत किमान चार आणि कमाल चार असं मागितलंय. ते किमान एक, कमाल चार असं करा आणि किती मिळाले ते परत आलेल्या आकड्यावरून ओळखा. मी पाहिलेल्या एका ड्रायव्हरमध्ये अगदी हेच होतं आणि त्या कार्डाला फक्त एमएसआय होतं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर रीमॅपिंग चालू होतं, चार मिळत होते. ग्राहकाच्या मशीनवर ते बायॉसमध्ये बंद होतं, एकच मिळाला आणि ड्रायव्हर लोडच झाला नाही. सगळे जण कार्डाची सोल्डरिंग तपासत बसले. एका व्हेक्टरवर चालणारी वाट कोडमध्ये ठेवा आणि तुमच्याच मशीनवर मुद्दाम ती चालवून बघा.

व्हेक्टर एकाहून जास्त झाले की लॉककडे नव्याने बघावं लागतं. एक इंटरप्ट असताना कर्नल तुमचा हँडलर एका वेळी एकदाच चालवतं. चार असतील तर चार कोअरवर चार हँडलर एकाच वेळी चालू शकतात आणि आजवर आपोआप सुरक्षित असलेले तुमचे काउंटर आणि रांगा उघड्या पडतात. हँडलरला लागणारं लॉक प्रोसेस संदर्भातून घेताना आयआरक्यू-सेव्हवालंच, म्हणजे तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवणारंच, घ्या. तुमच्या आयओकंट्रोलमध्ये (प्रोग्रॅमकडून आलेल्या आज्ञा हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) ते साधं आहे. ते आजसुद्धा चूक आहे, त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर मशीन तिथेच थिजेल. हे आधी बदला.

डीएमएच्या क्रमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एफपीजीए असल्यामुळे सांगतो. एमएसआय हे मेमरीतलं लिखाण असल्याने ते आधी निघालेल्या डीएमए लिखाणांच्या मागोमागच पोहोचतं. मेसेज आला म्हणजे डेटा मेमरीत आलेला आहे, हा पिनपेक्षा मोठा फायदा. पण ही हमी कार्डाच्या बाहेर पडलेल्या लिखाणांपुरती आहे. एफपीजीएतल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या हार्ड ब्लॉकला (तयार मिळणाऱ्या सर्किटला) एमएसआयची विनंती करण्याचं दार पुष्कळदा डेटाच्या दारापेक्षा वेगळं असतं. शेवटचे काही शब्द तुमच्या स्वतःच्या फिफोत असताना तुम्ही विनंती केलीत, तर मेसेज डेटाच्या पुढे निघून जाईल आणि बफरच्या शेवटी कधीकधी जुनेच आकडे दिसतील. शेवटचं लिखाण हार्ड ब्लॉकने स्वीकारल्याची खूण आली की मगच विनंती करा.

एक्स८६ वर आणखी एक संशयित तपासून बाजूला करा. साध्या एमएसआयमध्ये प्रत्येक व्हेक्टरचा मास्क ऐच्छिक असतो आणि तुमच्या एलएसपीसीआयमध्ये मास्केबलपुढे उणे आहे. अशा कार्डाचा इंटरप्ट एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवताना पत्ता आणि डेटा वेगवेगळे लिहिले जातात आणि मधल्या क्षणी निघालेला मेसेज भलतीकडे जाऊ शकतो. ही फट कर्नल ५.६ मध्ये, २०२० साली, बुजवली गेली. तुमचं कर्नल जुनं असेल तर आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरमध्ये वाटणारी सेवा) थांबवून इंटरप्ट एका कोअरवर बांधा. तरीही कार्ड अडकलं तर कारण हे नाही.

ड्रायव्हर काढतानाचा क्रमही बदला. आधी कार्डाचा मास्क बंद करा आणि ते रजिस्टर एकदा वाचा, म्हणजे लिखाण पोहोचल्याची खात्री होईल. मग फ्री-आयआरक्यूने हँडलर सोडा, त्यानंतर व्हेक्टर परत करा आणि शेवटी बस मास्टर बंद करा. तुमच्या कोडमध्ये व्हेक्टर आधी आणि हँडलर नंतर सोडलाय.

आता दुरुस्तीची चाचणी. दोन तास वाट बघत बसू नका. जुन्या हँडलरमध्ये स्टेटस वाचणं आणि पुसणं यांच्या मध्ये यूडिले या फंक्शनने दोनशे मायक्रोसेकंदांचा उशीर घाला आणि चॅनल पूर्ण वेगाने चालवा. निदान बरोबर असेल तर कार्ड काही सेकंदांतच अडकेल. मग नवा हँडलर लावा, तोच उशीर आता पुसल्यानंतर, कामाच्या जागी घाला आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी प्रॉक-इंटरप्ट्समधला आकडा चढत असेल आणि बफरच्या अनुक्रमांकांत एकही फट नसेल, तर उशीर काढून टाका.